टचिंग केलेली पाखरं

३ मार्च

ठकूस, मोठ्या भावाचे आशीर्वाद आणि सोबत एक गंभीर तक्रार.

तुझं कार्ड पोचलं. त्यात मेहुण्यांचा खोकला आहे, छपराची गळती आहे, दुकानातली सामसूम आहे आणि तिसऱ्या ओळीत 'दंपत्ती' असा शब्द आहे. दोन त. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, दोनच होते. ठकू, संपत्तीला दोन त असतात, विपत्तीला असतात, आपत्तीलाही असतात, आणि या तिघींपैकी पहिली सोडून बाकीच्या दोघी माझ्याकडे मुक्कामाला आहेत, त्यामुळे त्यांचं शुद्धलेखन मला पाठ आहे. पण दंपतीला एकच त. दम म्हणजे घर, आणि दंपती म्हणजे त्या घराचे दोघे धनी. आपल्या भाषेतलं द्विवचन केव्हाच मेलं. त्याचं हे एवढं एक हाड उरलंय, आणि त्यावर माझी सख्खी बहीण जादा त घेऊन उभी राहते. पाठशाळेतले आमचे गुरुजी आज असते तर त्यांनी मलाच कोपऱ्यात उभं केलं असतं.

तू ज्या दोघांबद्दल लिहिलंस त्यांना तर हा शब्द एका 'त'नंही लागू होत नाही. लग्न नाही, घर नाही. तो टायरच्या बंद पडलेल्या कारखान्यातला, ती जोड्यांच्या दुकानातली. चोरलेल्या गाडीतून गावोगाव हिंडायचं आणि पेट्रोल पंप, किराणा दुकानं, औषधांची दुकानं लुटायची. बँकेच्या वाटेला जात नाहीत, कारण बँकेच्या दारात बंदूकवाला असतो. गेल्या आठवड्यात त्यांनी एका बेकरीवाल्या म्हातारीला खुर्चीला बांधलं आणि तिच्यासमोर बसून तिचे केक खाल्ले. आमच्या दैनिकानं छापलं, 'भुकेल्या पाखरांनी टिपले दोन दाणे.' हो, पाखरं. हे नाव आमच्याच कचेरीतलं. कालचा मथळा होता, 'पाखरं पुन्हा भुर्र.' भुर्र बरोबर लिहिलंय की नाही यावर मी आणि उपसंपादक पुष्कळ वेळ बोललो. म्हातारीबद्दल बोलायचा पगार आम्हाला मिळत नाही. आता तर शुद्धलेखनाचाही अर्धाच मिळतो.

पगार अर्धा झाल्यापासून कचेरीत सगळे या दोघांवर खूश आहेत. कंपोझिटर म्हणतो, "पंडित, निदान कुणीतरी घेतंय तरी." कुणाकडून घेतंय हे विचारलं की चहा येतो आणि विषय बदलतो. मला दरोड्याची चीड येते, पण या कौतुकाची शिसारी येते.

आता मुद्दा. पाखरांचं ते छायाचित्र, जे आम्ही रोज छापतो, त्याच्या मागे तुमच्या स्टुडिओचा शिक्का आहे. हे काय प्रकरण?

दादा

११ मार्च

दादा,

दंपती. घे, एकच त. उरलेला तुझ्याकडे ठेव, कुठल्यातरी मथळ्यात कामाला येईल.

फोटो आमचाच. कारखान्याला कुलूप लागलं त्याच सुमारास दोघं आली होती. कोणाला काय माहीत तेव्हा. ह्यांनी नेहमीसारखं विचारलं, लग्न कधी झालं? तो म्हणाला, "फोटो आधी, लग्न मग. फोटो स्वस्त पडतो." हे हसले, मीही हसले. ती मात्र स्टुलावर सारखी तोंड एका बाजूला फिरवून बसायची. तिच्या डाव्या गालावर कानापासून पार हनुवटीपर्यंत जांभळा चट्टा होता, जन्मापासूनचा. त्याचा वरचा ओठ कारखान्यात पट्टा लागून फाटलेला, शिवलेला, शिवण वाकडी.

मी दोन्ही काढले. फोटो ह्यांचा, टचिंग माझं, हे तुला ठाऊकच आहे. खालून दिवा लावलेल्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारखी टोकदार पेन्सिल घेऊन बारीक ठिपके भरत जायचं. निगेटिव्हवर जिथं भरशील तिथं छापात उजळतं. नवरानवरीसारखं जोडपं असलं की मी विचारतसुद्धा नाही. कुणाचे वांग, कुणाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कुणाची दुसरी हनुवटी. हात आपोआप चालतो. तुझ्या लग्नाच्या फोटोत तुझं नाक मीच सरळ केलंय, आता सांगायला हरकत नाही.

छाप हातात दिला तर ती कितीतरी वेळ बघतच राहिली. मग म्हणाली, "ही मी आहे?" मी म्हटलं, "मग काय, मी?"

तर तो फोटो. पोलिसांनी नेला, त्यांच्याकडून तुमच्या पेपरात आला, आणि दादा, आमचे दिवस फिरले. इथं फोटो काढायला येत होतं कोण? पासपोर्टचे तेवढे, तेही गाव सोडून जाणाऱ्यांचे. आता दारात रांग. पाखरांचा पोस्टकार्ड साइझ द्या, पाखरांचा मोठा द्या. एक बाई तर म्हणाली, पाळण्यावर लावायचाय. शोकेसमध्ये मोठा करून लावलाय, पोरी काचेला नाक लावून उभ्या असतात. ह्यांचा खोकलासुद्धा उतरलाय.

एक गंमत सांगते. परवा म्हणे पाखरं आमच्या बाजारातून भरदिवसा जाऊन आली आणि कुणी ओळखलं नाही. ओळखणार कसे? ती दोघं माझ्या फोटोसारखी दिसतच नाहीत.

वहिनीला सांग, लोणचं पोचलं.

ठकू

१८ मार्च

ठकू,

नाकाबद्दल मी नंतर बघून घेईन. तुझी वहिनी अजून हसते आहे आणि फोटो खिडकीशी नेऊन तपासते आहे.

तुझ्या शेवटच्या गमतीवर मीही मोठ्यानं हसलो. मग कचेरीत गेलो. टेबलावर एका बातमीचा कच्चा छाप पडला होता, आणि माझं हसू जिथल्या तिथे राहिलं.

तुमच्या गावाबाहेरच्या हमरस्त्यावरच्या पंपावर दरोडा पडला, तुला कळलंच असेल. पेट्रोल भरणारा माणूस मेला. आमची बातमी अशी: 'गोंधळात एका कामगाराला गोळी लागली.' लागली. वाक्यात कर्ताच नाही, ठकू. गोळी आपली आपण फिरायला निघाली होती, वाटेत हा भेटला. मी समासात कर्ता शोधला, तळटिपेत शोधला, कुठेच नाही.

त्याच बातमीत खाली चार ओळी होत्या. दुसरा कामगार हवेच्या यंत्रामागे लपला होता. त्यानं पोलिसांना सांगितलं की गोळी बाईनं घातली आणि तिच्या डाव्या गालावर मोठा काळा डाग होता. पोलिसांनी त्याला छायाचित्र दाखवलं. तो म्हणाला, ही नाही. बस्स. निष्कर्ष निघाला की हे पाखरांचं काम नव्हे, त्यांची नक्कल करणारं कुणीतरी दुसरं जोडपं असणार. आमच्या उपसंपादकानं तर डागाच्या त्या ओळीही काढून टाकल्या. म्हणाला, "पंडित, वाचकांचा गोंधळ होईल." आणि आज अग्रलेख आलाय, पाखरं कुणाचा जीव घेत नाहीत.

बघ काय झालंय ते. तुझ्या पेन्सिलीनं तिला खुनातून सोडवलं. तू तिला कायद्यापेक्षा गोरं केलंस. सगळं पोलीस खातं एक अशी बाई शोधतंय जी फक्त तुमच्या काचेच्या टेबलावर अस्तित्वात आहे, आणि जी खरी आहे ती गालावर वारा घेत फिरते आहे.

पेन्सिल पुसता येते ना? मागे तूच दाखवलं होतंस, टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की सगळं जातं. मग फिरव. खरा चेहरा छाप आणि पोलिसांत दे. पुढचा पंप कुठला असेल कुणास ठाऊक, पण तिथेही कुणीतरी पेट्रोल भरत असेल.

मेहुण्यांना हे वाचून दाखव. ते समजूतदार आहेत, तुझ्याशी संसार केलाय.

दादा

२ एप्रिल

दादा,

पत्राला उशीर झाला. हात दुखत होता.

ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "पंडितांना सांग, त्यांच्या पेपरात आधी छापायचं थांबवा म्हणावं." बरोबरच आहे थोडं. रोज फोटो छापून पेपर खपवायचा तुम्ही आणि बोळा फिरवायचा आम्ही. आणि हे म्हणतात, आपण असे चेहरे उघडे करायला लागलो तर उद्या कोण येईल आपल्याकडे? स्टुडिओवाल्यानं काय काय झाकलं ते त्यानं पोटातच ठेवायचं असतं. डॉक्टरसारखं.

त्या पंपवाल्याची बायको येऊन गेली. त्याचा एकटयाचा फोटोच नव्हता. पंपाच्या मालकानं कधीतरी सगळ्या कामगारांचा एकत्र काढलेला, तो घेऊन आली. त्यात हा टोकाला, अर्धा खांद्यामागे. तो कापून मोठा करायचा होता. पाखरांच्या रांगेत उभी होती बिचारी, पुढच्या दोन मुली फोटोवर कुणाचा ओठ छान यावर भांडत होत्या. तिनं काही ऐकलं नाही, किंवा ऐकलं असेल. मी तिला पुढे बोलावलं तर मागचा एक म्हणाला, "आम्ही काय इथं हवा खायला आलोय?"

मोठा केला. शेजारच्याचा खांदा राहिलाच कडेला, तो निघत नाही.

बोळा फिरवला नाही. तू विचारू नकोस.

ठकू

७ एप्रिल

ठकू,

तुझ्या पत्रात एकही टोमणा नाही. वहिनीची चौकशी नाही, माझ्या नाकाचा उल्लेख नाही, आणि 'एकटयाचा' मध्ये ट अर्धा व्हायचा राहिलाय, तो मी दुरुस्तही केला नाही. यावरून तुला कळेल की मला किती धास्ती वाटली.

तुझा हात दुखत नव्हता. तुझा हात दुखला की तू दुप्पट लिहितेस, कुठे दुखतोय ते सांगायला.

मेहुण्यांचं म्हणणं मला पटतं. आमचं दैनिक ही किळसवाणी गोष्ट आहे आणि मी त्याच्या वेलांट्या नीट करून पोट भरतो. पण डॉक्टरची उपमा चुकली. रोग्यानं बाहेर जाऊन कुणाला गोळी घातली तर डॉक्टर नाडी धरून बसत नाही.

काय झालंय ते सांग. विचारू नकोस असं लिहिलंस, म्हणजे विचार असंच ना? लहानपणापासून तुझी हीच तऱ्हा आहे.

दादा

१४ एप्रिल

दादा,

सांगते. ह्यांनाही मी आठवडाभरानं सांगितलं.

ती आली होती.

तुझं बोळ्याचं पत्र आलं त्याच आठवड्यात, दुपारी. हे छापायचा कागद आणायला गेले होते, रांग नुकतीच संपली होती. डोक्याला स्कार्फ, गालावर ओढून घेतलेला. रस्त्यापलीकडे गाडी उभी, तो आत बसून संत्रं सोलत होता. साली खिडकीतून टाकत होता. मी ते का बघत बसले कुणास ठाऊक.

ती म्हणाली, "ओळखलंत का?"

मी म्हटलं, "नाही."

ती हसली. "कसं ओळखाल? तुम्हीच तर अशी केलीत."

तिला मोठा फोटो हवा होता, शोकेसमध्ये आहे तसा. मी काढून दिला, कागदात गुंडाळला, दोरा बांधला. तिनं नोट पुढे केली. दादा, मी सुटे परत दिले. तिनं मोजून घेतले.

मग बोलत बसली. गिऱ्हाईक बसतं तसं. जोड्यांच्या दुकानात होते तेव्हा दिवसभर लोकांच्या पायांशी बसायचे म्हणाली, पाय सोडून कुणी काही पुढे केलं नाही, तोंडाकडे कुणी बघितलं नाही. बघितलं की लगेच दुसरीकडे. आता सगळ्या गावाच्या भिंतीवर आहे मी. असं म्हणाली. मला तिची कीव आली, खोटं कशाला बोलू. कीव आली आणि मी म्हटलं, चहा घेणार?

तेवढ्यात तिचं लक्ष दोरीकडे गेलं. त्या पंपवाल्याचा मोठा केलेला फोटो वाळत होता. जवळ गेली, बघत राहिली. मला वाटलं, आता काहीतरी होईल हिला. रडेल, नाहीतर पळून जाईल. ती म्हणाली, "याचे कान फार मोठे आलेत. जरा कमी करा ना. बायकोला बरं वाटेल."

तीच पुढे म्हणाली, "हात वर ठेव म्हटलं होतं. यानं खाली घेतला, नाक पुसायला. सर्दी झाली होती त्याला." आपण दूध उतू गेल्याचं सांगतो ना, तसं सांगितलं. थोडी वैतागूनच.

जाताना दारात थांबली. "काचेतला तसाच राहू द्या. छान आहे." आणि गेली.

आता जे सांगते ते ह्यांना सांगितलेलं नाही. ती गेल्यावर मी टेबलाशी बसले, दिवा लावला, त्या माणसाची निगेटिव्ह ठेवली आणि पेन्सिल उचलली. कान कमी करायला. तिनं सांगितलं म्हणून नव्हे, खरंच मोठे होते म्हणून. दोन ठिपके दिलेसुद्धा. मग माझं मलाच दिसलं मी काय करतेय ते, आणि मी उठून फोटो धुवायच्या मोरीत ओकले.

म्हणून हात दुखत होता असं लिहिलं. पेन्सिल धरवतच नव्हती.

तुझं सातव्या तारखेचं पत्र आलं आणि मी बोळा फिरवला. आधी ओठ आला, मग चट्टा. दादा, तो चट्टा वाईट नव्हता. साधी दोन माणसं होती, जरा भेदरलेली. मी ते काढलं नसतं तर कदाचित काही वेगळं झालं असतं असं मनात येतं आणि मग वाटतं, काही झालं नसतं, चट्टे असलेल्या सगळ्या बायका काही माणसं मारत नाहीत.

छाप घेऊन पोलिसांत गेले. साहेबांच्या मागे भिंतीवर आमचाच जुना फोटो, फ्रेम करून. त्यांनी नवा हातात घेतला. "बाई, हे कोण?"

"तीच दोघं. टचिंग काढलेली."

"छे हो. ही तर कुणीही बाई वाटते."

"तेच म्हणतेय मी."

"ठेवून जा," म्हणाले आणि कप त्यावर ठेवला.

मग मी घरी आले आणि शोकेसमधला काढून हा लावला. रांग त्याच दिवशी मोडली. लोक बघतात आणि माझ्याकडे अशी तोंडं करतात की मीच दरोडा घातला. एक ओळखीची बाई आत येऊन म्हणाली, "का गं, इतक्या छान मुलीला विद्रूप केलंस? पोलिसांनी किती दिले?" दुसऱ्या दिवशी काचेवर थुंकी होती. तिसऱ्या दिवशीही. मी पुसते आणि दुकान उघडते. हे बोलत नव्हते माझ्याशी. मग एके दिवशी सकाळी गप्प उठले, तोच चट्ट्याचा फोटो आणखी मोठा करून घेऊन आले आणि आधीच्या जागी लावला. खोकला परत सुरू झालाय.

पंपवाल्याची बायको तिच्या नवऱ्याचा फोटो न्यायला आली तेव्हा त्या दुसऱ्या कामगाराला घेऊन आली होती. तो रस्त्यावरच थबकला. आतही आला नाही. बाहेरूनच मान हलवली, हीच म्हणून.

एक प्रत सोबत पाठवते. तुमच्या पेपरात छापून आण. आता तुझी पाळी.

ठकू

२० एप्रिल

ठकू,

तुझी प्रत घेऊन मी संपादकांच्या खोलीत गेलो. तिथे नव्या गालिच्याचं काम चाललं होतं. पगार अर्धे असताना गालिचा कसा येतो, हा व्याकरणाचा प्रश्न नसल्यामुळे मी विचारला नाही.

"पंडित, हे काय?"

"पाखरं."

त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला. "ही? वाचक म्हणतील आपण त्यांना फसवलं."

"फसवलंच आहे."

"मग ते त्यांना कळायला कशाला हवं?" असं म्हणून त्यांनी फोटो मला परत दिला, अगदी प्रेमानं, पाठीवर हात ठेवून. "तुम्ही विद्वान माणूस. वेलांट्या बघा."

मी वेलांट्या बघितल्या. संध्याकाळी पहिल्या पानाचा शेवटचा छाप माझ्याकडे येतो, माझ्या सहीनंतर त्याला कुणी हात लावत नाही. जुन्या छायाचित्राखाली ओळ होती, 'पाखरं: अजून कुणाच्या हाती नाहीत.' ती मी खोडली आणि लिहिलं, 'या छायाचित्रातले चेहरे सुधारलेले आहेत. बाईच्या डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत चट्टा आहे. पुरुषाचा वरचा ओठ शिवलेला आहे. पंपावरच्या कामगाराला हिनंच गोळी घातली.' सही केली आणि चहा प्यायलो.

सकाळी शहरभर ते छापून आलं. दुपारपर्यंत मला काढून घरी पाठवलं होतं, आणि आता घरीच आहे. कचेरीत फोनवर फोन आले म्हणे. खून कुणी केला याबद्दल एकानंही विचारलं नाही, आमच्या मुलीला कुरूप का म्हणालात एवढंच. एका गृहस्थानं वर्गणी बंद केली. तुझी वहिनी म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमचं स्वतःचं काहीतरी छापून आलं, आणि तेही एका बाईच्या गालाबद्दल." मग तिनं तो अंक घडी करून कपाटात ठेवला.

काल रेडिओवर बातमी होती. एका ढाबेवाल्यानं बाईला चट्ट्यावरून ओळखलं, गल्ल्याखाली वाकला आणि वाचला. गोळ्या वरच्या बरण्यांना लागल्या. म्हणजे तुझा बोळा आणि माझ्या चार ओळी मिळून एक माणूस जिवंत आहे, बरण्यांचं नुकसान सोडलं तर. मला याचा अभिमान वाटावा अशी माझी अपेक्षा होती. दिवसभर वाट बघितली, आला नाही.

कारण त्या ढाब्यापासून रस्त्याला दोन फाटे फुटतात आणि त्यातला एक तुमच्या गावाला येतो. ती गाडी कुठल्या फाट्यानं गेली ते रेडिओवर सांगितलं नाही.

उद्या सकाळच्या बसनं निघतोय. हे पत्र आणि मी यात आधी कोण पोचतं ते बघू. मेहुण्यांना म्हणावं, दुकानाला आतून कडी घाला आणि मी आल्यावर तोंडं करायला मोकळे व्हा. मी इथे खुर्चीत बसून तुला बरोबर काय ते सांगत राहिलो. तू ते केलंस, काचेवरची थुंकी पुसलीस, आणि धोका सगळा तुझ्या दारात आला. मी ओळीत तुमच्या स्टुडिओचं नाव घातलेलं नाही. पण त्या पेन्सिलीखाली काय होतं हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते कोण हे तिला वाचून कळायची गरज नाही.

नोकरीची मला काळजी नाही, आमच्या दैनिकाची तर नाहीच. मला भीती वाटते ती एवढ्याचीच, ठकू. ती दार ढकलून आत येईल, आणि तू गिऱ्हाईक आलं म्हणून सवयीनं तिला म्हणशील, बसा.

दादा